ताईंच्या फोनची नेमणूक

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातलं इंटरनेट गेलं. आजारी वगैरे नव्हतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत चांगलं चालतं-बोलतं होतं. नोंदणी कार्यालयातच गेल्यामुळे त्याची नोंद खरं तर जागच्या जागी व्हायला हवी होती. पण गेल्या वर्षापासून सगळ्या नोंदी फक्त इंटरनेटवर होत. त्यामुळे ते गेलं असं सगळे हळहळून म्हणत होते, तरी कागदोपत्री ते हयात होतं.

तीन नंबरच्या खिडकीवर ताई बसत. बावीस वर्षं तीच खुर्ची. नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. एरवी साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या ताईच. घरी एकट्या. एकुलता एक लेक जहाजावर खलाशी. जहाजावर प्रत्येकाला आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, जहाजाचा फोन मिळे. लेकाची पाळी गुरुवारी, पावणेबाराला. त्या नंबरावर उलटा फोन लागत नसे, आणि एकदा वाजून उचलला गेला नाही तर पाळी पुढच्या खलाशाकडे जाई. आलेला उचलायचा, एवढंच आपल्या हाती.

मागच्या गुरुवारी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर लेक शेवटी म्हणाला होता, "आई, आणखी तीन वर्षांच्या करारावर सही मागतायत. पुढच्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायची आहे. तू 'ये' म्हणालीस तर परत येतो. नाहीतर सही करून टाकतो."

"अरे, यात विचारायचं काय..." इतकं ताई म्हणाल्या आणि दहा मिनिटं संपली.

तेव्हापासून ताई तो एकाक्षरी शब्द तोंडात तयार ठेवून बसल्या होत्या. आठ दिवसांत जेवताना, झोपताना, खिडकीवर शिक्के मारतानासुद्धा तो सांडू दिला नव्हता.

तर मंगळवारी खिडकीसमोर एक सुतार उभा होता. कडेवर मुलगी. शाळाप्रवेश बारा वाजता बंद होणार, आणि जन्माच्या दाखल्याशिवाय मुलगी जन्मलीच नाही असं शाळेचं म्हणणं.

"नेट नाही," शेजारच्या खिडकीतून उत्तर आलं. "उद्या या."

"उद्या प्रवेश नाही हो."

मुलगी ताईंकडे बघून हसली. पुढचे दात नव्हते. ताईंचं मन लोण्याचं. त्यांनी पर्समधून फोन काढला, हॉटस्पॉट चालू केला, कार्यालयाचा लॅपटॉप त्याला जोडला आणि दाखला छापून हातात दिला. सगळं मिळून दीड मिनिट. जन्माची चूक करायला माणसाला याहून जास्त वेळ लागत नाही.

दहा मिनिटांत साहेबांनी आत बोलावलं.

"ताई, कार्यालयाची लाज राखलीत. पासवर्ड काय म्हणालात?"

पासवर्ड म्हणजे लेकाची जन्मतारीख. ती साहेबांनी लिहून घेतली, साहेबांकडून हेडक्लार्कनी, हेडक्लार्ककडून सगळ्या खिडक्यांनी. बुधवारपर्यंत अर्ध्या इमारतीला ती तारीख पाठ झाली. ही जन्मतारीख कुणाची, असं जन्मनोंदणी कार्यालयात एकानंही विचारलं नाही.

तसे फोन सगळ्यांकडे होते. पण हेडक्लार्कच्या नेटवर मुलं अभ्यास करत. आणि साहेबांचा फोन कार्यालयानं दिलेला. तो कार्यालयाच्या कामाला वापरायचा म्हणजे वरून मंजुरी घेणं आलं. खासगी वस्तू कार्यालयासाठी वापरायला मंजुरी लागत नाही, फक्त ती दुसऱ्याची असावी लागते.

"लाईन दुरुस्त होईपर्यंतच हो," साहेब म्हणाले. "आपण आजच तक्रार करतोय."

तक्रार ऑनलाइन करायची होती. ती ताईंच्या फोनवरून गेली. तासाभरात उत्तर आलं: 'आपली तक्रार आम्हांस इंटरनेटद्वारे प्राप्त झाली. ज्याअर्थी ती प्राप्त झाली, त्याअर्थी आपले इंटरनेट सुरू आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे. आपला अनुभव कसा वाटला?'

हेडक्लार्कनी पाचपैकी पाच तारे दिले. कमी दिले तर कारण लिहावं लागतं.

दान सत्पात्री पडलं की पुण्य लागतं, असं आपण ऐकत आलोय. ताईंचं दानही पात्रातच पडलं होतं. फक्त त्या पात्राला तळ नव्हता. बुधवारी सकाळी असं आढळलं की ताईंच्या खिडकीतून साहेबांच्या खोलीपर्यंत नेट पोचेस्तोवर त्याचा जीव जातो. तेव्हा सर्वांना समान लाभ मिळावा म्हणून फोन दालनाच्या मधोमध एका उंच स्टुलावर ठेवण्यात आला. खाली हिरवं कापड, शेजारी चार्जर, आणि राखणीला शिपाईकाका. काका निवृत्तीला आलेले, भला माणूस. "ताई, पोटच्या पोरासारखा सांभाळतो," म्हणाले, आणि खरंच त्यावरची धूळ रुमालानं पुसत बसले.

हेडक्लार्कनी फाइल उघडली. नाव 'तात्पुरती पर्यायी व्यवस्था'. संध्याकाळी फोन घरी नेताना ताईंनी वहीत सही करायची, सकाळी आणताना परत सही. दहानंतर आणला तर फोनचा उशीर मांडला जाईल.

दुपारी ताईंच्या बहिणीचा फोन आला आणि काकांनी सवयीनं उचलला. उचलताक्षणी नेट तुटलं. चार नंबरच्या खिडकीवर एका बाळाची नोंद चालली होती, ती अर्धीच जतन झाली. बाळ जन्मल्याचं नोंदलं गेलं, कुणाच्या पोटी, ते नोंदायचं राहिलं. आईबाप समोर उभे, बाळ त्यांच्या हातात, तरीही आता प्रतिज्ञापत्र लागणार होतं.

अर्ध्या तासात परिपत्रक निघालं: 'सदर फोनवर बोलल्यास सेवेत खंड पडतो असे निदर्शनास आले आहे. सबब कार्यालयीन वेळेत सदर फोन कोणीही उचलू नये. फोन वाजण्यास कार्यालयाची हरकत नाही.'

ताई परिपत्रक घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, उद्या पावणेबाराला माझ्या लेकाचा फोन आहे. जहाजावरून. तो उचलायलाच हवा. तीन वर्षांचा प्रश्न आहे हो."

"अहो, मग रजा टाका ना! आम्ही काय राक्षस आहोत?"

ताईंनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. साहेबांनी तिथल्या तिथे 'मंजूर' लिहिलं. इतकी चपळाई त्या इमारतीनं कधी पाहिली नव्हती. ताई स्टुलाकडे वळल्या तेवढ्यात हेडक्लार्क आडवे आले.

"फोन कुठे नेताय?"

"घरी. उद्या रजेवर आहे ना मी."

"तुम्ही रजेवर आहात. फोन नाही." त्यांनी अर्ज दाखवला. "यात फोनचा उल्लेख कुठाय?"

"मग फोनचाही अर्ज देते."

"तो तुमच्या नावानं कसा चालेल? फोन आता व्यवस्थेत आहे. व्यवस्थेला रजा नसते, ताई."

शेवटी रजा परत घेऊन ताई कामावर राहिल्या. फोन एकटा कार्यालयात सोडून घरी बसण्यापेक्षा हे बरं. साहेबांना त्यांची दया आली. "पावणेबाराला दहा मिनिटं घ्या हो फोन. मी आहे ना," ते म्हणाले. हेडक्लार्कनी फाइलवर टिपण केलं: 'परवानगी दिली, मात्र त्यामुळे कामाचा खोळंबा होता कामा नये.'

जेवणाच्या सुट्टीत ताई रोजच्यासारखं समुद्रावरचं हवामान बघायला स्टुलाजवळ गेल्या. लेक होता त्या बाजूला वारा बरा होता. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. चार वाजता मेमो हातात पडला: 'कार्यालयीन इंटरनेटचा खासगी कामासाठी वापर. समुद्राशी या कार्यालयाचा कोणताही संबंध नाही. खुलासा करावा.'

"पण फोन माझा आहे," ताई म्हणाल्या.

"म्हणून तर गंभीर आहे," हेडक्लार्क म्हणाले. "बाहेरच्या कुणी वापरला असता तर समजू शकलो असतो."

आणि बाहेरचे खरोखरच वापरत होते. रांगेत उभं राहून राहून लोकांनाही पासवर्ड कळला होता. कुणी भरलेले अर्ज आपापल्या फोनवरून चढवत होते, कुणी क्रिकेट बघत होते. कार्यालयानं हरकत घेतली नाही, कारण लोक प्रथमच शांत उभे होते.

गुरुवार उजाडला. तीन नंबरच्या खिडकीला नेट आहे ही बातमी गावभर झालेली. रांग दारातून आत, स्टुलाला वळसा घालून, परत दारापर्यंत. ताई खिडकीच्या आत, फोन स्टुलावर, आणि मध्ये माणसंच माणसं. साडेअकरापासून ताई शिक्का उलटा मारू लागल्या. अकरा चाळीसला त्यांनी साहेबांच्या खोलीकडे पाहिलं. दाराला कुलूप. साहेब बैठकीला गेले होते.

बरोबर पावणेबाराला फोन वाजला.

ताई उठल्या, फळी उचलून बाहेर आल्या आणि गर्दीत शिरल्या.

"ओ बाई, रांगेतून या!"

"अहो, मी इथलीच आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"तो माझा फोन आहे हो! माझ्या लेकाचा फोन आहे!"

"आम्हीही लेकरांसाठीच उभे आहोत सकाळपासून. घाई काय तुम्हालाच आहे?"

चार नंबरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "काका, उचलू नका! माझं ऐंशी टक्के झालंय!"

काका उठले होते. एका हातात परिपत्रक, दुसऱ्या हातात वाजणारा फोन. क्षणभर त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि परिपत्रक स्टुलावर ठेवलं. हेडक्लार्कचे डोळे त्यांच्या पाठीला टोचत होते, तरी ठेवलं. "उचलत नाही मी," ते म्हणाले. "पण पुढे तर देतो. घ्या हो, ताईंकडे द्या. त्यांचा आहे."

पहिल्यानं घेतला, दुसऱ्याकडे दिला. दुसऱ्या बाईंनी तिसऱ्याकडे. तिसऱ्यानं चौथ्याकडे. चौथ्यापासून ताई फक्त दोन हातांवर होत्या. त्यांनी हात लांब केला.

चौथे गृहस्थ सज्जन होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. उजव्या हातात त्यांचा स्वतःचा फोन होता. त्यावर त्यांचा अर्ज चढत होता. ब्याण्णव टक्के. डाव्या हातात ताईंचा फोन आला आणि ते थांबले.

"द्या ना हो," ताई म्हणाल्या.

"एकच मिनिट." गृहस्थ अगदी आदबीनं बोलले. "होतच आलंय. तुम्ही उचललात की तुटेल ना ते. परत पहिल्यापासून भरायचं म्हणजे..."

"तो परत लावू शकत नाही. नंतर लागत नाही तो फोन."

"हो हो, कळतंय मला. त्र्याण्णव."

त्यांनी फोन हिसकावला नाही. लपवला नाही, बंद केला नाही. नुसता धरून ठेवला. त्यांच्या हातात तो थरथरत होता आणि त्यांची नजर दुसऱ्या हातावर होती. पुढचे आपापल्या फोनकडे बघत होते, मागचेही. प्रत्येकाच्या हातात काही ना काही टक्के होते. सगळ्या दालनात तेवढा एक फोन वाजत होता, आणि सगळे मनातून तो थांबायची वाट बघत होते.

सत्त्याण्णवला तो थांबला.

अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. 'आपला अर्ज स्वीकारला आहे.' गृहस्थांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि लगेच, एक क्षणही न दवडता, ताईंचा फोन ताईंच्या हातात दिला.

"घ्या ताई. बंद झाला वाटतं. परत लावा ना तुम्ही."

ताईंनी फोन कानाशी नेला आणि आठ दिवस सांभाळलेला तो एक शब्द उच्चारला. तिकडे कुणी नव्हतं. नेट तुटलं नाही.

ताईंनी फोन काकांकडे दिला, खिडकीत परतल्या आणि पुढचा अर्ज घेतला. हेडक्लार्कनी फाइलवर लिहिलं, 'कामाचा खोळंबा झाला नाही.' लेकानं संध्याकाळी सही केली असणार. पण ते या कार्यालयात नोंदवण्याजोगं नाही. इथे जन्मलेले आणि मेलेले तेवढेच नोंदतात.

ते चौथे गृहस्थ कोण, याची मागून काकांनी पुष्कळ चौकशी केली. पत्ता लागला नाही. कुणी म्हणालं, मोठे देवमाणूस आहेत, मुंगीलाही दुखवत नाहीत. कुणी म्हणालं, वाचनाची फार आवड. कार्यालयांची टवाळी केलेली गोष्ट दिसली की शेवटपर्यंत वाचतात, साहेबांना हसतात, हेडक्लार्कला हसतात, ताईंसाठी हळहळतातसुद्धा. फक्त त्या दिवशी रांगेत आपला नंबर कितवा होता, तेवढं त्यांना आठवत नाही.

तुमचा कितवा होता?