कारभाऱ्यांचं गुप्तदान

कारभाऱ्यांना पैशाची भीती म्हणून नव्हती! निदान दर रविवारी ते तसं सांगायचे. उपासना संपली की चर्चमागच्या खोलीत ते 'ख्रिस्ती माणसाचा घरखर्च' असा वर्ग घ्यायचे आणि छाती पुढे काढून पहिलंच वाक्य फेकायचे, "पैसा आपला नाहीच! देवाचा आहे. आपण नुसते कारभारी!" हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की लोक त्यांचं खरं नाव विसरले आणि 'कारभारी' तेवढं चिकटलं. चष्म्याच्या ज्या दुकानात ते काचा घासायचे, तिथला मालकही त्यांना याच नावाने हाक मारायचा. बायको 'अहो' म्हणायची, आणि सासूबाई 'जावईबापू'. या शब्दात लाड असतो असं तुम्हाला वाटत असेल. सासूबाईंच्या तोंडून तो ऐकला की कारभारी बसल्या जागी उभे राहायचे.

कारण सासूबाई म्हणजे निवृत्त मेट्रन! त्यांच्या बुटांचा आवाज आला की पेशंट कण्हायचे थांबत आणि डॉक्टर हात धुवायला पळत. रुग्णालय सुटलं, पण आवाज सुटला नाही. आता त्या लेकीकडेच राहत होत्या, आणि घरातल्या चादरींचे कोपरे काटकोनात होते.

तर कारभाऱ्यांचा कारभार असा. पगार झाला की चार पाकिटं भरायची. पहिलं देवाचं, म्हणजे उत्पन्नाचा दशमांश, तोही सुट्या नाण्यांपर्यंत बरोब्बर. दुसरं घरखर्चाचं, तिसरं शिल्लकीचं. चौथं दुसऱ्याच्या ठेवीचं, म्हणजे कोणी काही सांभाळायला दिलं तर ते आपल्या पैशात मिसळू नये म्हणून. चारही पाकिटं बिस्किटांच्या डब्यात, याच क्रमाने, आणि एकावरही अक्षर लिहायचं नाही.

"अहो, पेन्सिलीने तरी लिहा," बायको म्हणाली होती. "चारही सारखी दिसतात."

"अगं, दान गुप्त असावं!" कारभारी म्हणाले. "नाव घातलं की गर्व आला. मी तर उपासनेत दानाची थैली फिरते तेव्हा तिच्यात टाकताना डोळेही मिटतो."

"टाकताना मिटा. डब्यातून काढताना उघडे ठेवा."

कारभारी हसले. बायकांना तत्त्व कळत नाही, असं ते हसणं होतं.

त्या आठवड्यात चौथ्या पाकिटात सासूबाईंची अंगठी होती. त्यांच्या यजमानांनी लग्नात घातलेली. बोट सुजल्यामुळे ती घट्ट झाली होती, म्हणून सैल करून आणायला त्यांनी ती जावयाकडे सोपवली होती. सोपवताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जावईबापू, हे गेल्यापासून ही बोटातून काढली नव्हती." कारभाऱ्यांना घाम फुटला होता. सोनाराने शनिवारीच अंगठी परत दिली. पण रविवारी जेवणानंतर, सगळ्यांसमोर द्यावी, जरा कौतुक होईल, म्हणून कारभाऱ्यांनी ती डब्यात ठेवली. आणि रविवारी सकाळी डब्यात मुंग्या झाल्या म्हणून बायकोने पाकिटं काढून डबा पुसला आणि पाकिटं हाताला येतील तशी परत ठेवली.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. कारभाऱ्यांच्या मात्र आलं नाही. त्यांनी सवयीप्रमाणे पहिलं पाकीट उचललं. हाताला टणक लागलं, तर दशमांशातली नाणी दर वेळी लागतातच. थैली समोर आली, डोळे मिटले, पाकीट टाकलं. मन कसं हलकं झालं!

या मंडळीत एक पद्धत होती. शेवटचं गीत चालू असतानाच खजिनदार बाजूच्या खोलीत थैली रिकामी करायचा. खजिनदार धंद्याने प्लंबर होता, त्यामुळे छप्पर गळायचं तेव्हा बादल्याही तोच लावायचा. त्या दिवशी तो गीत संपायच्या आत धावत बाहेर आला आणि उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या कानाला लागला. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले.

"बंधुभगिनींनो!" त्यांनी हात वर केला. "आज कोणीतरी आपली अंगठी देवाला दिली आहे! नाव नाही, गाव नाही!"

सगळीकडे 'आहाहा' झालं. कारभाऱ्यांनी तर मान डोलवून बायकोला कोपराने ढोसलं. "बघ! याला म्हणतात दान. शीक जरा!"

मग पाळकसाहेबांनी अंगठी खिडकीतल्या उजेडात धरली आणि तिच्या कडेवरचा पोचा चमकला. तो पोचा कारभाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. मान न वळवता त्यांनी शेजारी पाहिलं. सासूबाई एकटक अंगठीकडे बघत होत्या. मग त्यांनी रुमाल काढला, डोळे टिपले आणि म्हणाल्या, "कोणीतरी फार मोठं मन केलं हो."

ओळखली नाही! कारभाऱ्यांनी श्वास सोडला. तो अर्धाच सुटला, कारण तेवढ्यात बेकरीवाल्याची बायको उठली आणि रडत रडत कानातली काढायला लागली. तिच्या मागून शिंपीणबाईंनी बांगडी काढली. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी घड्याळ काढलं, त्यांच्या बायकोने डोळे वटारले म्हणून परत घातलं, आणि लोक बघतायत म्हणून पुन्हा काढलं!

घरी येऊन कारभाऱ्यांनी डबा उघडला. दशमांशाचं पाकीट आत शांतपणे पडलं होतं. बायकोने ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अहो, आईला आत्ताच्या आत्ता सांगा."

"वेडी आहेस का! जिवंत ठेवतील का मला? आधी अंगठी सोडवून आणतो, मग सांगतो."

बाहेरून आवाज आला, "जावईबापू! सोनाराकडून अंगठी आली का?"

"नाही, आई!" कारभारी उभे राहिले. "त्याची... त्याची तब्येत बरी नाही!"

"काय होतंय त्याला? कुठल्या रुग्णालयात आहे? तिथल्या सगळ्या नर्सेस माझ्या हाताखालच्या आहेत. उद्या बघून येते."

"बरा झाला!" कारभारी ओरडले. "आत्ताच निरोप आला! एकदम बरा!"

"मग उद्या देईल," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी दुकानातून अर्धी सुट्टी काढून पाळकसाहेबांची खोली गाठली. घाम पुसत त्यांनी आडून सुरुवात केली. "साहेब, समजा, एखाद्याच्या हातून थैलीत काही चुकून पडलं..."

"कारभारी, तुम्ही हे विचारता?" पाळकसाहेब हसले. "नियम तर तुमचाच!"

आता हे खरं होतं. गेल्या वर्षी बेकरीवाल्याने थैलीत चुकून मोठी नोट टाकली आणि सुटे परत मागितले, तेव्हा भर बैठकीत कारभारीच उठले होते. 'थैली म्हणजे बेकरीचा गल्ला आहे का? पडलं ते देवाचं! परत निघणार नाही!' टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. बेकरीवाला तेव्हापासून वर्गाला यायचा बंद झाला.

"आणि हे बघा," पाळकसाहेबांनी कपाट उघडलं. आत कानातली, बांगड्या, घड्याळ. "सगळं त्या एका अंगठीमुळे! ती परत दिली तर मी या सगळ्यांना काय तोंड दाखवू? शनिवारी लिलाव करतोय. आपलं छप्पर होणार, कारभारी!"

कारभारी 'वा, वा' म्हणाले आणि भिंतीला धरून बाहेर आले. त्या दुपारी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक दारातून बाहेर पडण्याऐवजी कपाटात शिरलं.

घरी रोज तोच प्रश्न! "अंगठी आली का, जावईबापू?" सोनाराची भट्टी बिघडली. सोनाराच्या मेहुण्याचं लग्न निघालं. सोनार गावाला गेला. सासूबाई प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून घ्यायच्या, कारभाऱ्यांच्या तोंडाकडे बघत थोडा वेळ थांबायच्या, आणि मग 'बरं' म्हणायच्या. त्या 'बरं'ला कारभारी सगळ्यात जास्त घाबरायचे. जेवण जाईना. बुटांचा आवाज आला की ते न्हाणीघरात शिरून नळ सोडायचे.

"अहो, एवढं भिऊन जगण्यापेक्षा सांगून मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"शनिवार! फक्त शनिवारपर्यंत कळ काढ!"

शनिवारी सकाळी कारभारी घरखर्चाचं आणि शिल्लकीचं पाकीट खिशात घालून चर्चच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसले. सासूबाई गुडघे दुखतात म्हणून घरीच राहिल्या होत्या, ही एक देवाची कृपाच. पाळकसाहेबांनी अंगठी दाखवली. कारभाऱ्यांनी घाईघाईने बोली लावली. चांगली, रास्त बोली होती.

मागून प्लंबरने हात वर केला. "एका गुप्त खरेदीदारातर्फे, त्याहून जास्त!"

कारभारी गर्रकन मागे वळले. त्यांनी वाढवली. प्लंबरने वाढवली. त्यांनी परत वाढवली, प्लंबरनेही वाढवली. लोक माना इकडून तिकडे फिरवायला लागले. कारभारी एवढा पैसा ओततायत म्हणजे अंगठीत काहीतरी आहे, अशी कुजबुज सुरू झाली. बोली दुप्पट झाली आणि दोन्ही पाकिटं संपली.

कारभारी शेजारी वळले. "मालक, पुढचा पगार आगाऊ द्या हो! पाया पडतो!"

मालकांना धक्काच बसला. "कारभारी, परीक्षा घेताय ना माझी? कर्ज म्हणजे गुलामगिरी! पाठ आहे मला!"

शिंपीणबाईंनी तर कौतुकाने मान हलवली. "मीसुद्धा नाही देणार हो! तुम्हीच शिकवलंत!"

सगळा वर्ग असा हुशार निघाला. शेवटी मागच्या रांगेतून बेकरीवाला पुढे आला आणि त्याने कारभाऱ्यांच्या हातात नोटांचं पुडकं ठेवलं. "घ्या. मी तुमच्या वर्गाला येत नाही."

कारभाऱ्यांना रडू फुटायचं बाकी होतं. त्यांनी पुडक्यासकट सगळं बोलीला लावलं. प्लंबरने नाक खाजवलं, कागदाच्या चिठोऱ्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

अंगठी गेली! तीन अंगठ्यांच्या किमतीला गेली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, पाळकसाहेबांनी छपराकडे बघून हात जोडले. कारभाऱ्यांनी बेकरीवाल्याला पुडकं परत दिलं आणि घरची वाट धरली. आता लपायला काही उरलं नव्हतं. तरी रस्ता शक्य तितका लांब व्हावा म्हणून ते ओळखीच्या चार गल्ल्या उगाच फिरून आले.

सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. बायको दाराला टेकून उभी होती. कारभाऱ्यांनी डोळे घट्ट मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पाकिटं, मुंग्या, थैली, सोनाराचा खोटा आजार, लिलावात गेलेली अंगठी; आपण बोली लावल्याचं तेवढं राहून गेलं. "आई, बाबांची एवढी एकच वस्तू तुमच्याकडे होती, आणि ती मी घालवली," ते म्हणाले, आणि मग त्यांना खरंच रडू आलं.

"डोळे उघडा, जावईबापू."

कारभाऱ्यांनी एक डोळा उघडला. अंगठी सासूबाईंच्या बोटात होती.

"तो पोचा ह्यांनीच पाडलाय तिला. मी ओळखणार नाही?" सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "पण ती बेकरीवाल्याची बायको रडत रडत कानातली काढत होती. मी उठून कसं म्हणू, 'माझी आहे, परत द्या'? देवाकडून वस्तू मागून घेणारी मी एकटीच! मलाही लोकांची भीती वाटते हो. म्हणून प्लंबरला गाठलं. पैसे दिले आणि म्हटलं, काही झालं तरी सोडू नकोस."

"मग रोज मला का विचारत होतात?"

"तुम्ही सांगाल म्हणून! दार उघडून धरलं होतं तुमच्यासाठी, तुम्ही न्हाणीघरात शिरत होतात."

कारभाऱ्यांनी मान खाली घातली. आठवडाभराची भीती पायांतून उतरली आणि ते तिथेच जमिनीवर बसले.

"एक मात्र आहे," सासूबाईंचा आवाज पुन्हा मेट्रनचा झाला. "तिथे कोणीतरी महामूर्ख बोली वाढवतच होता म्हणे. प्लंबर नाव सांगेना. गुप्त म्हणजे गुप्त म्हणाला. कोण होता तो?"

बायकोने पदर तोंडात कोंबला. कारभाऱ्यांनी शाळेतल्या पोरासारखं बोट वर केलं.

सासूबाईंनी अंगठी बोटात एकदा फिरवली. "अंगठीच्या किमतीपुरतं ते माझं दान," त्या म्हणाल्या. "त्याच्या वरचे सगळे तुमच्याकडून येणे. व्याज घेणार नाही. आपण ख्रिस्ती माणसं आहोत. हप्ता दर रविवारी, उपासना सुटली की चर्चच्या दारात."

"दारात? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. गुप्त पुरे झालं!"

तेव्हापासून कारभारी दर रविवारी चर्चच्या दारात वाकून सासूबाईंच्या हातात पैसे ठेवतात. पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी ते पाहिलं, त्यांचे डोळे पुन्हा भरून आले, आणि पुढच्या उपासनेत ते गहिवरून म्हणाले, "सासूला आईप्रमाणे दर आठवड्याला आपल्या कमाईतून वाटा देणारा जावई आपल्या मंडळीत आहे! बाकीच्यांनी आदर्श घ्यावा!" मंडळीतल्या झाडून सगळ्या सासवांनी मागे वळून आपापल्या जावयाकडे पाहिलं.

कारभाऱ्यांचं कर्ज हळूहळू फिटतंय. पण मंडळीतला एकही जावई आता त्यांच्याशी बोलत नाही.