सतरावा रेडिएटर

वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं. गारठण नावाच्या डोंगरावरचं जंगल, त्यातली दगडी कोठी, पूर्वेची खोली. या खोलीत ठकूआक्का ही म्हातारी घोरपड मेलेली आढळली. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं दव गोठलेलं होतं.

तर बाळांनो, जवळ सरकून बसा. ही फार जुन्या काळातली गोष्ट आहे. जुन्या काळातली म्हटलं की कुणाला राग येत नाही.

ही कोठी थंड मुलखातून आलेल्या अस्वलांनी बांधली होती. अस्वलांना घरात ऊब लागायची. त्यांनी तळघरात बॉयलर बसवला, भिंतींतून नळ नेले आणि सतरा खोल्यांत सतरा बिडाचे रेडिएटर ठेवले. खाली लाकूड जाळलं की पाण्याची वाफ व्हायची, वाफ नळातून वर यायची, रेडिएटर तापायचे. पुढे अस्वलं आपल्या मुलखात निघून गेली. सर्वांत मोठी खोली राजाच्या मुक्कामासाठी राखून ठेवली गेली. बाकीच्या खोल्या जंगलातल्या म्हाताऱ्यांना मिळाल्या.

तळघर मात्र गेनबाकडेच राहिलं. गेनबा हा साळिंदर. अस्वलांच्या वेळचा, बॉयलरला जाळ घालणारा फायरमन. त्याच्या हातूनच शेवटी बॉयलर विझला, कारण पत्रा गळायला लागला आणि नवा कुणी दिला नाही. तेव्हापासून थंडी पडायच्या आधी सगळी म्हातारी मंडळी डोंगर उतरून खालच्या दरीत राहायला जायची. ठकूआक्काला भरभर चालणं जमायचं नाही. गेनबाच्या पाठीवर तर तिला बसता येत नव्हतं, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तो पुढे सावकाश चालायचा आणि ती मागून त्याला शिव्या देत यायची. दोघांचं बरं चाललं होतं.

मग एका वर्षी जंगलाच्या राजाला, म्हणजे वाघाला, वारशाची आठवण झाली. कोठीतली जुनी ऊब पुन्हा सुरू करायची असं ठरलं. समिती नेमली गेली. सचिव झाला कोल्हा. सौंदर्य सल्लागार झाला मोर. दोघांनीही बॉयलर कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या निवडीबद्दल मतभेद झाले नाहीत.

काम गेनबानं केलं. तीन महिने तो तळघरात होता. पत्रा बदलला, नळांतला गंज खरवडला, पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी नवी बसवली. शेवटी प्रत्येक रेडिएटरच्या एका पायाखाली त्यानं जांभळाच्या लाकडाची चकती सरकवली. चकत्या त्यानं स्वतःच्या दातांनी कुरतडून बेतलेल्या होत्या.

पहिल्यांदा वाफ आली त्या संध्याकाळी ठकूआक्का रेडिएटरला पोट लावून पसरली.

"गेन्या, हे तिरकं का रे बसवलंस? डोळे गेले का तुझे?"

"आक्का, वाफ ज्या नळानं वर येते ना, गार झाली की पाणी होऊन त्याच नळानं खाली जाते. दुसरी वाटच नाही तिला. नळाकडची बाजू खाली आणि लांबची वर ठेवली, की पाणी आपसूक परततं. सपाट बसवलं तर ते तिथंच साचतं. मग वाफेला शिरायला जागा मिळत नाही."

"म्हणजे तिरकं आहे म्हणून गरम आहे."

"तसंच."

"अस्वलं शहाणी होती," ठकूआक्का म्हणाली. "तू नाहीस. सर तिकडं, काटा लागतोय."

आता या जंगलाची एक रीत सांगतो. राजा कुठं येणार असला की तिथलं सगळं एका रेषेत आणायचं. झाडांना कमरेपर्यंत गेरू आणि चुना फासायचा. दगड उंचीप्रमाणे लावायचे. एकदा तर ओढाही सरळ केला होता. पुढच्या पावसात तो शाळेतून वाहिला, पण ती गोष्ट वेगळी.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी मोर पाणसळ घेऊन कोठीत आला. पाणसळ म्हणजे गवंडी सपाटी बघायला वापरतात ती बुडबुड्याची पट्टी. मोरानं ती रेडिएटरवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला. मोराचा पिसारा मिटला.

"हे वाकडं आहे," तो म्हणाला.

"वाकडंच पाहिजे, साहेब," गेनबा म्हणाला आणि त्यानं वाफेचं आणि पाण्याचं सगळं पुन्हा सांगितलं.

कोल्ह्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "गेनबा, तुमचा अनुभव मोठा आहे. समितीला त्याचा आदर आहे. पण राजेसाहेब आत आले आणि त्यांना असं लवंडलेलं दिसलं, तर त्यांना काय वाटेल?"

"गरम वाटेल, साहेब."

"लेखी द्या," कोल्हा म्हणाला.

गेनबानं लेखी दिलं. अर्जावर सुनावणी ठेवली गेली. पण समितीच्या दालनात नवा गालिचा अंथरला होता आणि काटेरी प्राण्यांना त्यावर मज्जाव होता. अर्जदार गैरहजर, असा शेरा पडला. अर्जदार दाराबाहेर पायरीवर बसला होता.

त्याच दुपारी चकत्या काढल्या गेल्या. सतरा चकत्या काढून जाळल्या, अशी नोंद वहीत झाली. खाली कोल्ह्याची सही. बुडबुडा मधोमध आला. गेनबाला तळघराखेरीज कोठीत कुठंही फिरायला बंदी झाली. आणि आणखी एक हुकूम निघाला. ऊब सुरू झालेली असल्यामुळे यंदा कुणीही दरीत जाणार नाही. दरीत जाणं म्हणजे योजनेवर अविश्वास दाखवणं.

उद्घाटनाला गर्दी झाली. गेनबानं खाली जाळ लावला. वाफ वर गेली, साचलेल्या पाण्यावर आपटली आणि भिंतींतून धाडधाड आवाज सुरू झाले. जणू कुणी आतून घणाचे घाव घालत होतं. म्हातारी माकडं दचकून एकमेकांना बिलगली.

"नळ राजेसाहेबांना सलामी देताहेत," कोल्हा म्हणाला.

टाळ्या झाल्या. वाघानं मान डोलावली, आपल्या खोलीत जाऊन तासभर आराम केला आणि खूश होऊन निघून गेला. खोली उत्तम तापली होती, असं त्यानं अभिप्रायाच्या वहीत लिहिलं. मोरानं ते पान चौकटीत लावलं.

बाकी सोळा खोल्यांत सलामी रोज चालू राहिली. ऊब आली नाही.

तेराव्या दिवशी डोंगरावर दव गोठायला लागलं. दिवस मावळताना गेनबा पूर्वेच्या खिडकीखाली गेला. त्यानं नवी चकती कुरतडून आणली होती.

"आक्का."

आतून हळू आवाज आला. "गेन्या, शिव्या द्यायची ताकद नाही रे. बस नुसता."

"खिडकी उघड. पायाखाली एवढीच सरकवायची आहे."

"मला उठवत नाही. तू ये."

खिडकीला आतून कडी होती. गेनबा दाराकडे गेला. दारावर रानडुक्कर पहाऱ्याला होता. त्यानं चकती हुंगली आणि काढून घेतली. "वर कळवतो," तो म्हणाला. "सकाळी आठला साहेब येतात. तेव्हा या."

गेनबा तळघरात गेला आणि होतं नव्हतं ते लाकूड बॉयलरमध्ये घातलं. वर भिंती धडधडत राहिल्या. सकाळी त्यानं रानडुकराला दाराची कडी काढायला लावली, तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ठकूआक्का रेडिएटरला पोट लावून होती. रेडिएटर आणि ती, दोन्ही सारखीच गार होती.

चौकशी झाली, बाळांनो. चौकशी होतेच. ती कोल्ह्यानं केली, कारण प्रकरणाची सगळ्यात जास्त माहिती त्यालाच होती. मोर साक्षीदार होता. अहवाल दीड पानाचा आहे. त्यातलं मुख्य वाक्य असं: 'मयत प्राणी मूळचाच थंड रक्ताचा असल्याने त्याच्या थंड होण्यात यंत्रणेचा दोष आढळत नाही.' पुढे असंही म्हटलं आहे की यंत्रणा चालवणारा साळिंदर सुरुवातीपासून नाराज होता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

गेनबाला कामावरून काढलं. कोल्ह्याला किल्ल्या परत करायला तो शेवटचा वर आला, तेव्हा राजाची खोली झाडण्यासाठी उघडी होती. आतून ऊब येत होती. तो आत गेला. तिथल्याही गालिच्यावरून गेला.

राजाच्या खोलीतला रेडिएटर तिरका होता. लांबच्या पायाखाली जांभळाची चकती होती. गेनबानं वाकून पाहिलं. कडेला त्याचेच दात उमटलेले होते.

"साहेब," तो कोल्ह्याला म्हणाला, "वहीत सतरा जाळल्या आहेत."

"मग सतरा जाळल्या असतील," कोल्हा म्हणाला. "गालिच्यावरून बाजूला व्हा."

तात्पर्य : आपलं काम पक्कं येणाऱ्याला आधी दाराबाहेर बसवावं, म्हणजे पुढची चौकशी लवकर आटोपते. थंड रक्ताच्यांनी सरकारी उबेची आशा धरू नये. आणि सगळं कसं सरळ रेषेत असावं, हे लहानपणीच शिकून घ्यावं. चकत्या काढल्या त्या दुपारी मोराची पाणसळ सोळा खोल्यांत फिरली, राजाच्या दारापर्यंत गेली आणि तिथून मागे वळली. ती कुणी मागे वळवली, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.