सांडूनानांचं लाकडी छत

सांडूनानांच्या घरी गेलात तर चहा नंतर, आधी पाय धुवावे लागतात. पाय स्वच्छ असले तरी! "आधी पाय धुवा," म्हणत नाना पाहुण्याला दंडाला धरून बाथरूममध्ये नेणार, नळ सोडणार आणि पायांकडे ढुंकूनही न बघता म्हणणार, "आता वर पहा."

वर नानांचं लाकडी छत असायचं. शेताच्या बांधावरच्या सागाच्या फळ्या, सुई जाईल एवढीही फट नाही, आणि त्यावर नानांनी स्वतः मारलेले व्हार्निशचे हात. किती हात, ते नानांनाही आठवत नाही. "तोंड दिसलं पाहिजे!" हे त्यांचं माप. वर बघितलं की खरंच आपलं तोंड दिसायचं, जरा तपकिरी, पण दिसायचं. हॉलमध्ये त्यांच्या पुण्याला असलेल्या मुलाने पीओपी करून टाकलं, म्हणून नानांच्या हौसेला घरात बाथरूमच तेवढी उरली होती.

मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत. नवीन जालन्यात आमची गल्ली स्टेशनच्या मागेच आहे. नानांनी उभा जन्म एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये, गंजात आणि काजळीत काढला. रिटायर झाल्यावर त्यांनी व्हार्निशचा डबा जो हातात घेतला, तो खाली ठेवलाच नाही. दिसेल त्या लाकडाला चमकवायचं! माझ्या लाटण्याची मूठ बसवून देतो म्हणून घेऊन गेले आणि व्हार्निश करून आणलं. पुढे कितीतरी दिवस आमच्या पोळ्यांना टर्पेंटाइनचा वास येत होता. माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले, तर नवऱ्या मुलाचे वडीलच गायब. शोधाशोध केली तेव्हा सापडले नानांच्या बाथरूममध्ये, धोतर वर खोचून, मान वर करून! लग्न जमलं, पण जाताना ते तारीफ छताचीच करत होते.

अशा माणसाने परवा भिंतीवरून हाक मारली. "मंगलबाई, पांढरा रंग आणून राह्यलो. न्हाणीच्या छताला."

माझ्या हातातलं पातेलं पडायचंच राहिलं. "नाना, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"बिलकुल बरा हाय. आमच्या घरचे, तुमच्या कौसाकाकू, केदारखेड्याला गेलेत भावाकडं. रविवारी येणार. त्याच्या आत काम झालं पाहिजे. जल्दी! आन् कुणाला सांगू नका." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा धावत आला.

गल्लीत नुसती धमाल उडाली. जो तो बाथरूममध्ये घुसून सल्ला देऊ लागला. आमचे मिस्टर म्हणाले, "नाना, आधी पॉलिशपेपरने घासा. व्हार्निशवर रंग धरणार नाही."

"घासू? आन् त्याचं तोंड बिघडवू?" नाना कळवळले. "न्हाई, न्हाई. वरूनच देतो."

आणि दिला! दुसऱ्या दिवशी छत दुधासारखं पांढरं. उद्घाटनाचा मान मला मिळाला. गरम पाणी सोडलं, मी ऐटीत पाय पुढे केले, वाफ वर गेली आणि पापडाएवढा एक पोपडा थेट माझ्या डोक्यावर! मग दुसरा, मग तिसरा. पोपडे पडले तिथून जुनं व्हार्निश डोकावत होतं, आणि त्यात माझं तोंड अगदी स्वच्छ दिसत होतं. मी हसून हसून भिंतीला टेकले.

नाना हसले नाहीत. ते पालथ्या बादलीवर बसून राहिले.

"अहो, जाऊ द्या ना नाना. छत चांगलंच होतं. उजेड हवा असेल तर मोठा बल्ब लावा."

"लावल्ता," नाना म्हणाले. "बल्ब लावला की वरचं चमकून राह्यतं, आन् ती चमक तिच्या डोळ्यात घुसती. मंग तिला खालची बादली दिसत न्हाई, साबण दिसत न्हाई. काचबिंदू हाय तिला. डॉक्टर म्हणले, गेलेली नजर येत न्हाई, राह्यलेली सांभाळा. घरात उजेड ठेवा, पण डोळ्यावर चमक नको."

कौसाकाकूंना जरा कमी दिसतं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"ती काही बोलली न्हाई हो कधी. कपाळावर हात धरून न्हाणीत जायची. मला वाटायचं, डोकं दुखून राह्यलं. बाकी सगळीकडं मी हात धरतो बराबर. पण ती म्हणती, न्हाणीत तरी मला एकटीला जाऊ द्या."

रोज सकाळी काकूंच्या आधी नाना बाथरूममध्ये जायचे. छत पुसायला जातात म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो. ते बादली आणि साबण जागच्या जागी ठेवायला जात होते, हे मला आत्ता उमगलं.

मी मिस्टरांना पॉलिशपेपर आणायला पिटाळलं. पहिला हात मात्र नानांनीच मारला. खर्र! तेवढ्या आवाजाने त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मग जे घासत सुटले ते थांबेचनात. इस्त्रीवाला शिडीवर चढला, मिलमधून सुटलेली पोरं मोटारसायकली बाहेर लावून आत आली. मी चहा करकरून दमले. घासणं झालं, प्रायमर झाला, रंगाचा पहिला हात झाला. रविवारी सकाळी शेवटचा कोपरा राहिलेला असतानाच दाराशी ऑटो वाजली!

काकू उतरल्या. गल्ली गोळा झालेली बघून म्हणाल्या, "काय झालं हो? थांबा, आधी पाय धुते."

नानांनी हात पुढे केला. काकूंनी तो हळूच बाजूला सारला आणि आत गेल्या. नाना दाराबाहेर उभे, ब्रश पाठीमागे लपवलेला. 'वर पहा' म्हणायला त्यांना सुचलंच नाही. आतून पाण्याचा आवाज आला, मग बंद झाला.

"अवं, इकडं या."

नाना उंबऱ्यात गेले. काकूंचा हात कपाळावर नव्हता. त्यांनी नानांकडे नीट, बराच वेळ पाहिलं. मग पदराचं टोक पुढे केलं. "नाकावर रंग लागलाय तुमच्या," म्हणाल्या आणि बरोबर तेवढाच ठिपका पुसला.

नाना माझ्याकडे वळले. "मंगलबाई," ते कसंबसं म्हणाले, "तोंड दिसलं!"