खिडकीतले पावणे

माणसाचं खरंखोटं त्याच्या बोलण्यातल्या गोडव्यावरून ओळखावं, हे शास्त्र कोल्हापूर जिल्ह्यात पूर्णत्वास गेलेलं आहे. (एका पाहणीनुसार शंभरातल्या एकशे चार लोकांना ते मान्य आहे. पाहणी गडमुडशिंगीच्या पारावर झाली. चौघांनी दोनदा हात वर केला.)

सन २००८ मध्ये राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत या शास्त्राचा जाहीर प्रयोग झाला. गडमुडशिंगीचे हंबीरराव लेकीला, संयोगिताला घेऊन आले होते. इंजिनिअरिंगसाठी तिच्या पसंतीचं कॉलेज इंटरनेटवरून नोंदवायचं होतं. मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. शुभकार्य वडिलांच्या हातून व्हावं, म्हणून माऊस हंबीररावांकडे.

संयोगितानं सरकारी पत्ता टाकला. उघडली भलतीच खिडकी: अभिनंदन, आपण आमचे दहा लाखावे पाहुणे, मोटार जिंकलात. (त्या एका संगणकावर दुपारपर्यंत सात जण दहा लाखावे ठरले होते.)

"आप्पा, फसवाफसवी हाय ती. बंद करा की."

"एवढं अभिनंदन करतोय, आन् त्येच्या तोंडावर दार लावू व्हय?"

खिडकीनं नाव, गाव, मोबाईल विचारला. नव्या पावण्याची चौकशी अशीच करतात, त्यात गैर ते काय? हंबीररावांनी सगळं सांगितलं, वर दारात म्हशी किती तेही लिहायला लावलं. ती मिटते तोच दुसरी उघडली. तिला संगणकाच्या तब्येतीची काळजी होती. तिसरीत एक बाई एकटीच होती आणि तिला कोल्हापूरकडचाच माणूस हवा होता. (ती मात्र संयोगितानं स्वतः मिटवली.)

पाचाला थोडा अवकाश असताना खरी साइट उघडली. ना अभिनंदन, ना रामराम. लाल अक्षरात एकच ओळ: बैठक क्रमांक टाका, चुकल्यास अर्ज बाद.

हंबीररावांचा चेहरा बदलला. "ह्यो बघ खरा लबाड. आल्या आल्या धमकी."

आणि त्यांनी ती बंद केली. संयोगितानं धडपडून पुन्हा पत्ता टाकला, तर पुन्हा अभिनंदन. तेवढ्यात पाच वाजले.

परतताना संयोगिता रिक्षात रडली. पोरीचं वर्ष गेलं याचं हंबीररावांनाही फार वाईट वाटलं. पण आपलं चुकलं कुठं, हे त्यांना अजून कळलेलं नाही. मोटारीसाठी अंगणातली जागा मात्र त्यांनी झाडून घेतली.

त्यांना हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. दर पाच वर्षांनी आपल्या दारात येऊन जो गोड बोलतो, हात जोडतो, त्याला आपणही चहा पाजतोच. आणि तोंडावर खरं सांगणाऱ्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावतो. हसून झालं की आपली मोटार कुठवर आली, तेवढं बघून घ्यावं.