गावंडे काकांची मारबत

आमच्या गावंडे काकांनी काल सकाळचा चहा होण्याआधीच तिघांना मारबतीबरोबर गावाबाहेर काढलं. पहिला, सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न वाजवणारा. दुसरा, तोंडातला तंबाखूचा खर्रा न थुंकता फोनवर 'हू हू' करत बोलणारा. तिसरी, टीव्हीवर बातम्या ओरडून सांगणारी एक बाई. तिच्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "या ताईंनी रोज सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी, तेही बसून, प्यायल्यास देशातील निम्मी भांडणे मिटतील. तोवर या आरडाओरडीले घेऊन जा गे मारबत! विषय खतम!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. 'ईडा, पीडा, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत' असं ओरडत लोक त्या मोठाल्या पुतळ्यांना गावभर मिरवतात आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. वर्षभरात ज्यानं ज्यानं डोकं उठवलं असेल, त्याचंही नाव त्यात घुसडून द्यायची पद्धत आहे. बाकीचं नागपूर हे काम वर्षातून एक दिवस करतं. काका रोज करतात, मोबाइलवर.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा मुलीनं त्यांना फोन घेऊन दिला. तिला वाटलं, बाबा भजनं ऐकतील. बाबांनी देश हातात घेतला. धरमपेठेतल्या आमच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या दारात राहतात, त्यामुळे देशाच्या पाठोपाठ माझाच नंबर लागतो. वाढदिवसाला मी केकचा फोटो टाकला, तर सगळ्यांच्या फुलांच्या गुच्छांमध्ये काकांची ओळ होती, "मैदा. साखर. तरीपण शुभेच्छा."

कोणतीही बातमी येऊ द्या, काकांकडे उपाय तयार. कुठल्याशा नटाचा काडीमोड झाला. काका: "दोघेही उशिरा उठत असावेत." कुठं पूल खचला. काका: "अभियंत्याची झोप पूर्ण होत नसावी." आणि प्रत्येक मताच्या शेवटी 'विषय खतम!' तो लिहून झाला की खरा विषय सुरू व्हायचा, कारण त्याच्या खाली ते आणखी चार परिच्छेद लिहायचे.

सार्वजनिक शिस्त हा त्यांचा दुसरा प्रांत. एकदा उलट्या दिशेनं येणाऱ्या स्कूटरवाल्याचं चित्रीकरण करायला म्हणून काका स्वतःच त्याच्यामागं उलट्या दिशेनं निघाले. चौकात पोलिसानं नेमकं काकांनाच धरलं. मी बँकेतून परत येत होते, म्हणून मध्ये पडले. म्हटलं, काका, चूक झाली म्हणा आणि सुटा.

"काहून म्हणू?" काका पोलिसासमोरच माझ्यावर उखडले. "मी राँग साइडनं नव्हतो जाऊन राहिलो. मी राँग साइडचा पंचनामा करून राहिलो होतो!"

पोलिसानं निमूटपणे पावती फाडली. काकांनी पावती घेतली, पण चूक काही घेतली नाही. 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "लग्नात सप्तपदी उलटी चालाले लागले होते. गुरुजीनं टोकलं, तं गुरुजीलेच म्हणे, तुमची दिशा चुकली."

पण काकांचा खरा शत्रू तेल. कुठल्या तरी फॉरवर्डमध्ये त्यांनी वाचलं की तेल हे सावकाश चढणारं जहर आहे, आणि त्या दिवसापासून शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा चमचा आला. जेवणात तेल त्या चमच्यानं मोजून, तोही अर्धा. लग्नाच्या पंगतीतही चमचा बाहेर निघायचा. आमच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडं तर ते तर्रीवर कागद ठेवून तवंग टिपून घेत. शेवटी तो वैतागून म्हणाला, "काका, तर्रीतून तर्री काढली, तं राहीन काय?" त्या दिवशी पोहेवालाही मारबतीबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा त्याच्याचकडं पोहे खायला हजर.

आता यातली गंमत अशी की काकांचं सगळं आयुष्य तेलावर उभं आहे. सावनेरला त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. काका शिकून नोकरीला लागले, आणि धाकटा भाऊ वसंता घाण्यावर बसला. वसंता अजूनही जवसाचं तेल काढतो. दर महिन्याला सावनेरच्या बसनं, ड्रायव्हरच्या सीटमागं, एक स्टीलची कॅन काकांकडं यायची. काका खिशात चमचा ठेवून ती आणायला बसस्टँडवर जायचे. तेलावर प्रवचन झोडायचे आणि कॅन छातीशी धरून आणायचे. यात त्यांना काही विसंगत वाटत नसे, आणि आम्हीही कधी बोललो नाही, कारण त्यातलं वाटीभर तेल आमच्याकडंही यायचं.

गेल्या उन्हाळ्यात वसंतानं 'गावंडे परिवार' या ग्रुपवर गोळाभाताचा फोटो टाकला. डाळीच्या भरड्याचे गोळे भातात वाफवलेले, आणि वरून लाल मिरचीची फोडणी दिलेलं जवसाचं गरम तेल, चांगलं ताटभर पसरलेलं. खाली लिहिलं होतं, 'आईची आठवण.' कोणाच्याही डोळ्यांत पाणी यावं असा फोटो. काकांनी खाली लिहिलं, "एवढ्या तेलात चार जणांचा महिना निघतो. हे जेवण नव्हे, सावकाश चढणारे जहर आहे. विषय खतम!"

वसंताचं उत्तर आलं, "आईनं जलमभर जहर खाऊ घातलं काय तुले? अन ज्याच्या पैशानं शिकला, थे काय होतं?"

इथं कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण काकांचा अंगठा सवयीनं चालतो. त्यांनी लिहून टाकलं, "अशा अडाणी तेलवाल्याले घेऊन जा गे मारबत!"

वसंता ग्रुप सोडून गेला. महिना संपला, कॅन आली नाही.

काकू माझ्याकडं येऊन बसल्या. "सीमा, मारबतीत रोगराई धाडतेत वं. सख्ख्या भावाले कोणी धाडते का? अन यायले म्हटलं, फोन करा, तं म्हणते, मी काहून करू, थो लहान हाये."

काकांनी वरवर काही दाखवलं नाही. उलट त्यांची टीका दुपटीनं वाढली. पण मी शेजारीण, मला दिसत होतं. पूर्वी ते मत टाकून मोकळे व्हायचे. आता स्टेटस टाकलं की दारात खुर्ची घेऊन बसायचे आणि ते कोणी कोणी पाहिलं, हे थोड्या थोड्या वेळानं उघडून बघायचे. मी ऑफिसला निघताना विचारलं, काय बघताय? तर म्हणाले, "वसंतानं पाह्यलं." एवढंच. शाळेत मास्तर हजेरी घेतात, तसं ते रोज ऐकवायचे. वसंतानं पाह्यलं. वसंता रोज बघायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. ग्रुप सोडला, पण भावाचं स्टेटस त्यालाही सोडवत नव्हतं.

मग माझ्याही लक्षात आलं की हल्ली काकांची मतं देशासाठी नसतात. 'उन्हात काम करणाऱ्यांनी ताक प्यावे' हे कोणासाठी होतं, 'साठीनंतर जड डबे स्वतः उचलू नयेत' हे कोणासाठी होतं, ते सांगायला नको. सगळा देश उगाच वाचत होता. मला तेव्हा काकांची फार दया आली, आणि तितकाच रागही. एवढं लिहिता येतं माणसाला, आणि एक फोन लावता येत नाही?

पोळा आठवड्यावर आला, तेव्हा वसंताचं नाव दिसेनासं झालं. एक दिवस, दोन दिवस. काकांनी तीच तीच यादी वर-खाली करून पाहिली. मला फोन दाखवून म्हणाले, "पाह्य बरं, माह्या चष्म्यात काही गडबड तं नाही?" गडबड चष्म्यात नव्हती.

"आजारी तं नसन थो?"

"फोन करा काका."

"उचलला नाही तं?"

हे मला अपेक्षित नव्हतं. इतके दिवस मी त्याला अहंकार समजत होते. काका खुर्चीवर फोन मांडीवर घेऊन बसले होते आणि खिशातला चमचा उगाच आत-बाहेर करत होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी माझं दार वाजवलं. अंगात इस्त्रीचा शर्ट. "चाल वं सीमा, मारबत पाहाले. तू फक्त फोन धरजो."

इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, गुलाल, पोरांच्या आरोळ्या. गच्च्यांवर बायका, रस्त्यावर पुरुष, आणि ज्याला त्याला काही ना काही गावाबाहेर काढायचं होतं. महागाई, खड्डे, परीक्षेचे घोळ, बनावट व्हिडिओ. काकांनी घरून चार-पाच घोषणा पाठ करून आणल्या होत्या, रस्ताभर मला ऐकवल्या होत्या. पिवळी मारबत आमच्यासमोर आली. मी फोन धरला. काकांनी दोन्ही हात वर केले आणि घसा फाडून ओरडले, "माह्या जिभेले घेऊन जा गे मारबत!"

आजूबाजूच्या लोकांना काय, घोषणा हवी होती. सगळे एकदम ओरडले, "घेऊन जा गे मारबत!"

काका फोनकडं वळले. गर्दी त्यांना ढकलत होती, टोपी तिरकी झाली होती. म्हणाले, "वसंता, तेल बरोबर हाये. मी चुकलो. विषय खतम."

आणि खरोखर थांबले. पुढं एक शब्द नाही. मी क्षणभर फोन तसाच धरून उभी राहिले, कारण 'विषय खतम' नंतर काका गप्प राहू शकतात, हे माझ्या हाताला माहीत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी तो व्हिडिओ स्टेटसला टाकला. मुलीनं पाहिला, व्याह्यांनी पाहिला, पोहेवाल्यानंसुद्धा पाहिला. वसंताचं नाव नाही. संध्याकाळी चहा तसाच निवला. काकू मला हळूच म्हणाल्या, आज टीव्हीवरच्या कोणी तरी यायले चिडवलं पाह्यजे वं, भांडतीन तरी जरासे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत जायला दार उघडलं, तर काका जिन्याच्या पायरीवर बसलेले. फोन माझ्या हातात दिला. वसंताचं उत्तर आलं होतं. "फोन घाण्याच्या तेलात पडला होता. नवा घेतला. तुहा व्हिडिओ पाह्यला. ढोलात आवाज येऊन नाही राहिला. परत बोल."

"काका, खरंच ढोल फार होते," मी म्हटलं.

"काही ढोलबिल नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "लय बदमाश हाये थो. आलं हाये त्याले ऐकू. मुद्दाम म्हणून राहिला."

आणि ते उठून जिना उतरून गेले. पायांत चपला होत्या, फोन मात्र माझ्याच हातात राहिला. खाली गेटपर्यंत धावले मी, तोवर ते सावनेरच्या बससाठी रिक्षात बसलेसुद्धा होते. त्या दिवशी देशात काय काय झालं, मला आठवत नाही, पण काकांनी त्यावर काहीही मत दिलं नाही. दुपारी इमारतीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, गावंडे काका बरे आहेत ना? मी लिहिलं, बरे आहेत, आज प्रत्यक्ष बोलायला गेलेत.

अंधार पडायच्या आत ते परत आले, छातीशी कॅन धरून. मी त्यांचा फोन परत देत विचारलं, काय म्हणाले भाऊ? "म्हणन काय? पोरासमोर, सुनेसमोर, गिऱ्हाइकासमोर, सगळ्यासमोर परत परत बोलाले लावलं. दर वेळी म्हणे, आवाज नाही आला." एवढं बोलून ते नाक शिंकरायला आत गेले.

काकूंनी गोळाभात केला आणि मलाही बसवलं. कढल्यात जवसाचं तेल तापलं, मिरची तडतडली. काकूंनी सवयीनं हात पुढं केला, चमचा द्या म्हणून. काकांनी खिशातून चमचा न काढता फोन काढला आणि सावनेरला लावला. पलीकडून फोन उचलल्यावर नमस्कार नाही, चमत्कार नाही. तो तसाच ताटावर धरला आणि काकूंना खूण केली. गरम तेल भातावर पडलं आणि चर्रर्र झालं.

"आता आला का आवाज?" काकांनी फोनमध्ये विचारलं.

पलीकडून काय उत्तर आलं, ते मला ऐकू आलं नाही. काका बराच वेळ कानाला फोन लावून बसले होते. मग त्यांनी डोळे पुसले, ताट काकूंच्या पुढं सरकवलं आणि म्हणाले, "अजून टाक वं. अजून टाक म्हणून राहिला थो."