लोअर आर्म आणि सासूबाईंचं वजन

"ॲडजस्ट होणारे आर्म कोणाला लागतात, माहितीये? ज्यांचा स्वतःच्या हिशेबावर विश्वास नसतो त्यांना!"

चष्मेवाल्यांनी गॅरेजमध्ये छाती फुगवून हे सांगितलं. दिवसभर दुकानात लोकांना चष्मे करून देणारा हा माणूस, मापाच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही! हौसेने त्यांनी गाडी खाली बसवून घेतली, ती इतकी की तिच्याखाली चेंडू गेला तर अडकूनच बसायचा. तेव्हापासून पुढची चाकं फेंगडी झाली होती आणि घरचे बसले की चाक वर पत्र्याला घासायचं. शेवटी बायकोने बजावलं, "रविवारी आईबाबांना घेऊन फिरायला जायचंय. चाक घासलं, तर सोमवारी गाडी होती तशी उंच!" चष्मेवाल्यांनी त्याच दिवशी गॅरेज गाठलं.

मेकॅनिक समजावत होता, "साहेब, चाकाला खालून धरून ठेवणारे हे लोअर आर्म ॲडजस्टवाले घ्या. नट फिरवला की चाक आत-बाहेर होतं. चुकलं तर सुधारता येतं."

"चुकेलच कसं? मी पक्क्या मापाचे बनवून घेतो. बसणाऱ्या प्रत्येकाच्या वजनाचा हिशेब करून!"

मग वजनं गोळा करणं आलं. बायकोने आकडा सांगितला, पण दाराआडून. सासूबाईंना फोन लावला.

"जावईबापू, माझं वजन कशाला हवंय तुम्हाला?"

"पुढच्या चाकांसाठी, आई."

पलीकडे ताट सरकवल्याचं ऐकू आलं! मग सासऱ्यांचा आवाज आला, "अहो, काय बोललात तिला? ती ताटावरून उठली की!"

अखेर कसेबसे आकडे मिळाले. चष्मेवाल्यांनी प्रत्येकात गुपचूप थोडी भर घातली. माणसं खरं वजन थोडंच सांगतात!

रविवारी नवे आर्म बसवलेली गाडी सगळ्यांना घेऊन ऐटीत निघाली. पहिल्याच वळणावर खर्रर्र!

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"उतरते बाई मी!" त्या फणकारल्या आणि उतरल्या. पुढच्या वळणावर पुन्हा खर्रर्र! सासरे उतरले. खर्रर्र! बायको उतरली. आता गाडीत एकटे चष्मेवाले, आणि त्यांच्याच बाजूचं चाक बिनदिक्कत घासत होतं!

"तुम्ही उतरा बघू," बायको म्हणाली. ती स्वतः चालवायला बसली, तोवर चालत येऊन पोचलेल्या आईबाबांना मागे बसवलं आणि चौकाला वळसा घालून आली. आवाज म्हणून नाही!

"अहो," तिने काच खाली केली, "हिशेबात स्वतःचं वजन कधीचं धरलंत?"

चष्मेवाले रस्त्याकडे बघत पुटपुटले, "लग्न ठरलं तेव्हाचं."

सासूबाई त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या, आणि अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

बायको शब्दाला पक्की. ती चालवते तेव्हा चाक घासत नाही, म्हणून गाडी अजून खालीच आहे, आणि सगळं घर तिच्यातून मजेत फिरतं. चष्मेवाले तेवढे मागून बसने येतात!