व्याह्यांची डबल बेल

यादवनानांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग आणखी एक मारली. गाडीला दार नव्हतं, काच नव्हती, छप्पर म्हणावं तर नुसते लोखंडी पाइप. त्याचं नानांना काही वाटलं नाही. पण बसायला जागा दोनच होत्या आणि त्यातल्या एकीच्या पुढ्यात स्टेअरिंग होतं.

"पहिले तुम्ही बसा, नाना," पंडितआबा म्हणाले. "तुम्हना हातले सवय शे."

"छे छे. मुलाकडची मंडळी तुम्ही. मान तुमचा."

कल्पना पोरांची. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी नईमभाईंनी या रानात भाड्याने पळवायच्या बग्ग्या आणल्या होत्या. खडकाळ रान, कोरडा नाला, टेकाडाला वळसा आणि परत. साखरपुड्याची तारीख काढण्याआधी दोन्ही घरांनी जरा मोकळेपणी भेटावं, म्हणून आबांच्या प्रशीलने दोन बग्ग्या ठरवल्या. पहिलीत तो आणि नानांची संघमित्रा बसले आणि केव्हाच धुरळ्यात दिसेनासे झाले. मोकळेपणी म्हणजे काय, ते त्यांना बरोबर समजलं होतं. दुसरी व्याह्यांच्या वाट्याला आली. विहिणींनी, म्हणजे नानांच्या द्रौपदाबाई आणि आबांच्या बेबाबाई यांनी, निंबाखाली थर्मास उघडला.

आता नानांची अडचण. ते एसटीतून रिटायर झालेले, हे अगदी खरं. देवपुरात नानांच्या घरी मुलगी पाहायला आले तेव्हा आबांनी विचारलं होतं, "एसटीत म्हनजे कन्नडना घाट रातले उतारा व्हयी?" नाना म्हणाले, "घाटाचं काय सांगू तुम्हाला," आणि नम्रपणे गप्प बसले. उभी नोकरी त्यांनी तो घाट कंडक्टरच्या सीटवर बसून उतरला होता; पण गप्प बसणाऱ्याच्या खात्यावर लोक हवं ते जमा करतात. आबांनी तर गावभर करून टाकलं, आपला व्याही म्हणजे घाटातला ड्रायव्हर. दुरुस्ती करायला नानांनी तोंड उघडलं, तोच आबांनी प्रशीलच्या आधीच्या स्थळाची गोष्ट काढली.

"केळीना मळा सांगा व्हता त्यास्नी. जाईसन दखं, ते पपई. मी उठीसन चालता झाऊ. जो केळीबद्दल खोटं बोलस, तो पोरबद्दल काय खरं सांगी?"

नानांनी उघडलेलं तोंड तेव्हा चहाला लावलं, ते आजपर्यंत.

"ये गॅस, ये ब्रेक," नईमभाईंनी दाखवलं. "गिअरचं टेन्शन नाही. अर्धा रस्ता तुम्ही, अर्धा हे. नाल्यात बाभळीजवळ सीट बदलायची. दोघांनी चालवायची बरं का, नाहीतर मग काय मजा?" आणि ते मोटारसायकलवर पुढे निघाले.

"बसा ना, नाना."

"तुमच्या आधी मी बसलो तर लोक म्हणतील, मुलीचा बाप असून रीत कळत नाही."

रीत निघाल्यावर आबांचा इलाज चालेना. ते स्टेअरिंगपुढे बसले. नानांना हायसं वाटलं. दाराशी ट्रॅक्टर असलेला माणूस. यांनाच रमवत ठेवलं की वेळ संपेल, आपली पाळी येणारच नाही.

आबांनी पाय ठेवला आणि बग्गी उधळली. रस्ता डावीकडे वळला, बग्गी वळली नाही. ती एरंडाच्या झुडपातून गेली, बोरीच्या काट्यांतून गेली आणि शेळ्यांच्या कळपाची तिने सरळ वाटणी केली.

"आबा, रस्ता तिकडे राहिला."

"माहीत शे. हाऊ शॉर्टकट शे."

शॉर्टकटच्या टोकाला नाल्याचा उभा काठ होता. नाना ओरडायचं विसरले, पण हात सवय विसरला नाही. हातातली घराची किल्ली आपोआप डोक्यावरच्या पाइपवर आपटली. टण्. आबा दचकले आणि त्यांचा पाय ब्रेकवर गेला. पुढची चाकं काठावर येऊन थांबली. मग दोघांनी उतरून बग्गी कशीबशी मागे ढकलली, आपापली जागा घेतली आणि किल्लीने पुन्हा आवाज केला. टण् टण्. आबांनी गॅस दिला. त्यानंतर बाभळीपर्यंत हेच चाललं. किल्ली वाजत होती, गाडी चालत होती, आणि कधी नव्हे ती रस्त्यावरून चालत होती.

बाभळीजवळ आबा टुणकन उतरले. "घ्या नाना, तुम्हनी पाळी."

नाना उतरले नाहीत. आधी म्हणाले, पायात गोळा आला. मग म्हणाले, चष्म्यावर धूळ बसली. नईमभाई लांबून हात हलवू लागले. नानांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवला.

"आबा, माझ्याकडेही पपईच आहे."

"म्हनजे?"

"मी ड्रायव्हर नव्हतो. कंडक्टर होतो. स्टेअरिंगला कधी हात लावला नाही."

आबांनी अंगावरची धूळ झटकली. नानांना वाटलं, आता हे चालते होणार. पण इथून चोपडा लांब होतं.

"माले वाटनंच," आबा म्हणाले. "ड्रायव्हर घंटी कसाले वाजाडी?" मग आवाज खाली गेला. "ट्रॅक्टर सालदार गडी चालाडस. माले सायकल बी येत नही. तुम्ही सोबत शेतस, सांभाळी लेशात, म्हनीसन बसनू मी."

"मग मघाशी गाडी कोण चालवत होतं?"

"मी समजनू तुम्ही."

दोघांनी तिथेच ठरवलं, घरी यातलं काही सांगायचं नाही. पण शेवटी निंबाखाली विहिणी मोबाइल घेऊन उभ्या असणार, तेव्हा नानांना स्टेअरिंगवर दिसणं भाग होतं. किल्ली आबांकडे गेली. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे नानांनी सांगितलं नाही. एसटीतल्या माणसाला वाटतं, हे जगाला ठाऊकच असतं. आबांनी मघाशी एवढंच टिपलं होतं की घंटी वाजली की जीव वाचतो.

नानांनी बग्गी नवरदेवाच्या घोड्यासारखी संथ आणली. निंब दिसला, विहिणी दिसल्या, नईमभाईंची थांबायची झेंडी दिसली. आबांनी खात्रीसाठी दोनदा वाजवलं.

टण् टण्.

डबल बेल मिळाल्यावर गाडी अडवून धरायची नसते. नानांनी गॅस दिला. झेंडी मागे पडली. आबांनी घाबरून आणखी दोन दिल्या, नानांनी आणखी गॅस दिला. द्रौपदाबाई आणि बेबाबाई थर्मास उचलून बाजूला झाल्या. बग्गी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांतून गेली, नईमभाईंचा 'सुस्वागतम्'चा फलक अंगावर घेऊन कडब्याच्या गंजीत शिरली आणि तिथे स्वतःच्या मर्जीने थांबली.

कोणाला खरचटलंही नव्हतं. गंजीच्या आत अंधार आणि शांतता होती. बाहेरून द्रौपदाबाईंचा आवाज आला.

"कंडक्टर माणूस हो. जन्मात स्टेरिंगला हात नाही लावला. हौस बघा."

नानांनी डोळे मिटले.

"अन् आम्हना यास्ले सायकल बी येत नही," बेबाबाई म्हणाल्या.

कडब्यातून आबांचं डोकं बाहेर आलं. "तुले माहीत व्हतं, नाना कंडक्टर व्हतात ते?"

"पहिलाच दिन. देवपुरमा चहा उकळे तवर आम्ही बठ्ठं सांगी टाकं एकमेकले."

"मंग माले का बरं सांगं नही?"

"तुम्ही इचारं नही. गावभर ड्रायव्हर, ड्रायव्हर करी ऱ्हायंतात, म्हटलं करू द्या."

आबांनी डोकं पुन्हा आत घेतलं. दोघे व्याही कडब्यात शेजारी शेजारी बसून राहिले. बाहेर पोरं परत आल्याचा आवाज झाला, मग हसण्याचा.

"आबा," नानांनी घसा साफ केला, "मग तारखेचं काय करायचं?"

आबांनी वर हात नेऊन वाकलेल्या पाइपवर किल्ली मारली. टण् टण्.

नाना हलले नाहीत. "हे थांबा म्हणताय की चला?"

"दोन म्हनजे काय ऱ्हास?"

"चला."

आबांनी जरा विचार केला आणि पुन्हा दोनदा वाजवलं.

"मंग बरोबर शे."